फ्राऊ ओसेईंच्या झेरॉक्स प्रती

आमच्या ग्रंथालयात ‘सेमेस्टरअपाराट’ नावाची एक गोष्ट होती. नोकरीला लागल्यावर मी घरी येऊन हा शब्द सांगितला, तर आमच्या ह्यांना वाटलं, नवीन काहीतरी यंत्र आलं असणार. इंजिनियर माणूस, त्यांना दुसरं काय सुचणार. यंत्रबिंत्र काही नाही, ती शेल्फातली साधी फळी असते. प्राध्यापकानं सांगायचं, या सहामाहीत माझ्या वर्गाला अमुक अमुक वाचायला लागेल. आम्ही ते सगळ्या मजल्यांवरून गोळा करून, त्याच्या नावाची चिठ्ठी लावून, एका उघड्या फळीवर मांडायचं. सहामाही संपली की पुस्तकं आपापल्या जागी परत. त्या फळीवर काय ठेवायचं ते प्राध्यापक ठरवणार, ग्रंथालयानं त्यात नाक खुपसायचं नाही, असा नियम. जर्मनीत नियमांना लोक कुरकुरतात, पण मी माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम या एका नियमाच्या आडोशानं केलं.

विद्यापीठाचं नाव सांगत नाही. कोलोनहून रिजनल ट्रेननं जाता येतं एवढं पुरे. तिथली बरीच माणसं अजून कामावर आहेत, उगाच कुणाला अवघडायला नको. मी मूळची नागपूरची. ग्रंथालयशास्त्र शिकून तिथल्या एका कॉलेजात काम करत होते. लग्न होऊन इकडे आले आणि माझी पदवी इथल्या कचेऱ्यांनी मान्य करेपर्यंत मुलगी शाळेत जायला लागली होती. मग मला मिळालं ते चौकशीचं टेबल. त्या टेबलावर बसून माणसं फार बघितली. पुस्तकाचं नाव, लेखक काहीच आठवत नसलेले एक वयस्क प्राध्यापक ‘ते निळं पुस्तक’ मागायचे आणि मला ते सापडायचं, कारण ते दरवर्षी तेच मागायचे. हिवाळ्यात नुसते ऊब घ्यायला येणारे एक आजोबा वर्तमानपत्र उलटं धरून झोपायचे. पुण्याचा एक संशोधक विद्यार्थी मी मराठी बोलते हे कळल्यावर इतका खूश झाला की पाच मिनिटं त्याला चहा कुठला आणि चिवडा कुठला सांगत बसला. मग त्यानं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं, मेश्राम. तेव्हा त्याला एकदम आपल्या पुस्तकाची आठवण झाली.

ग्रंथपालाचं अर्धं काम शिकवणं असतं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. प्रबंध लिहायला घेणाऱ्या मुलांसाठी आम्ही शिकवणीचा एक तास घ्यायचो, ‘शुलुंग’ म्हणतात त्याला. माझे सहकारी त्यात कॅटलॉग कसा चालवायचा, प्रिंटर कुठं आहे, वाचनालयात काय खायचं नाही हे दाखवत. मी सुरुवातीलाच सांगायची, आपापल्या आजीला शोधा. तुमची आजी जिथली, जे काम करायची, तिच्या लोकांना बाहेरचे लोक ज्या नावानं ओळखत, ते कॅटलॉगमध्ये टाका. मग त्या शेल्फापाशी जा आणि बघा, तिच्याबद्दल कुणी लिहिलंय, कुठल्या विषयात ठेवलंय आणि शेजारी काय आहे. बव्हेरियातल्या शेतकऱ्याच्या मुलाला आजी लोकजीवनाच्या शेल्फात लाकडी चमच्यांशेजारी सापडायची आणि तो हसायचा. तुर्की घरातल्या मुलीला आजी सामाजिक समस्यांच्या शेल्फात, गुन्हेगारीच्या अलीकडे सापडायची. तेव्हा कुणी हसत नसे. मग मी सांगायची की ही मांडणी माणसांनी केलेली आहे, माणसांना त्याबद्दल विचारता येतं, आणि कसं विचारायचं ते मी तुम्हाला शिकवते. एक सहकारी मला काळजीनं म्हणाल्या, “फ्राऊ मेश्राम, आणि प्रिंटर?” मी म्हटलं, प्रिंटर त्यांचा त्यांना सापडतो.

हा शोध मी आधी स्वतःवरच केला होता, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. आमच्या लोकांवर तिथं एक अख्खी फळी होती. मिशनऱ्यांनी लिहिलेलं, साहेबांनी लिहिलेलं, प्राध्यापकांनी लिहिलेलं. आमच्यापैकी कुणी लिहिलेलं एकही नव्हतं. पुस्तकांची ढकलगाडी धरून मी तिथं बराच वेळ उभी राहिले. वाईट वाटलं हे खरंच.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. अशाच एका शुलुंगनंतर मिरियम माझ्या टेबलापाशी आली. आई जर्मन, वडील घानाचे, जन्म कोलोनचा, आणि बोलणं इतकं अस्सल कोलोनचं की मला त्यातलं अर्धं कळायचं नाही. रंग वडिलांचा. ती म्हणाली, “मला दोन आज्या आहेत, दोघींना शोधलं. एक पहिल्या मजल्यावर आहे, राईनलँडमध्ये, इथल्याच मुलखात. दुसरी तिसऱ्या मजल्यावर, आफ्रिकेत. आणि मी कुठंच नाही.”

तिला प्रबंध लिहायचा होता तो कोलोनमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या आयांवर. या बायकांनी आपली पोरं या देशात कशी वाढवली, शाळेशी कसं निभावलं, पोरांना काय शिकवलं, हा विषय. तिच्या मार्गदर्शक प्रोफेसर लिंडनर. कायम सर्दी झालेल्या, कडक, पण मनानं चांगल्या. त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं, “विषय मला आवडलाय. पण आवडीवर प्रबंध उभा राहत नाही. त्या बायकांनी स्वतः काही लिहिलेलं दाखवा. सहामाही संपेपर्यंत मिळालं नाही तर दुसरा विषय घ्यावा लागेल.”

“आणि दुसरा घ्यावा लागला तर?” मी विचारलं.

“तर मी शिक्षण सोडते. बेकरीत आईला माणूस हवंच आहे.” तिनं हे अगदी शांतपणे सांगितलं, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

मी माझ्याकडची सगळी हत्यारं वापरली. आमचा कॅटलॉग, दुसऱ्या विद्यापीठांचे कॅटलॉग, परगावच्या ग्रंथालयांकडून पुस्तकं मागवायची सोय. त्या आयांबद्दल समाजसेवकांचे अहवाल मिळाले. आयांनी लिहिलेलं काही मिळालं नाही. नोंदच नाही म्हटल्यावर लोक म्हणतात, अशी गोष्टच नाही. माझा मात्र त्यावर विश्वास बसेना, आणि त्याला कारण नागपूर.

आमच्याकडे दीक्षाभूमीवर दरवर्षी लोक लोटतात तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमिनीवर ताडपत्र्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर पुस्तकंच पुस्तकं. पातळ पातळ पुस्तिका, गाण्यांच्या वह्या, कुणी मास्तरानं स्वतःच्या खर्चानं छापलेला आपल्या गावचा इतिहास. लांबून आलेल्या बायका शिदोरीच्या पिशवीत पुस्तिका कोंबून घरी नेतात. वाचता न येणारेही नेतात, घरचं पोरगं वाचून दाखवील म्हणून. माझे बाबा मला तिथं खांद्यावर बसवून फिरवायचे, आणि मला वाचायचा नाद लागला तो त्या ताडपत्र्यांवरून. पुढे मी ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात लागले तिथं त्यातली एकही पुस्तिका नव्हती. म्हणजे लिहिलेलं असतंच, ते जिथं माणसं जमतात तिथं असतं, एवढं मला ठाऊक होतं. हे मला कुठल्या शुलुंगमध्ये कुणी शिकवलेलं नाही.

मी मिरियमला विचारलं, “तुमची माणसं जमतात कुठं?”

ती विचार करून म्हणाली, “चर्चमध्ये, लग्नात. आणि केस करायला.”

मग शनिवारी आम्ही दोघी कोलोनला गेलो, स्टेशनामागच्या गल्लीत फ्राऊ ओसेईंच्या केशकर्तनालयात. कर्तन कमी आणि गुंफणच जास्त. एकेका बाईचे केस बारीक वेण्यांत गुंफायला अर्धा दिवस लागतो, त्यामुळे दुकान कायम भरलेलं, गप्पा चालू, कोपऱ्यात कुणाचं तरी बाळ झोपलेलं. फ्राऊ ओसेई साठीला आलेल्या, बुटक्या, चष्मा दोरीला बांधलेला. नुसतं बसायला तिथं जागा नव्हती, बसायचं तर केस करून घ्यायचे. माझी तेव्हा चांगली जाड वेणी होती. त्यांनी ती सोडली, केस हातात घेतले आणि म्हणाल्या, “हे केस आहेत की साबण? हातात ठरतच नाहीत.”

पण त्यांनी तेल लावलं, भांग पाडला, विंचरायला लागल्या, आणि मला रडू आलं. जर्मनीत येऊन इतकी वर्षं झाली होती, माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आई रविवारी अंगणात बसवून असंच डोकं ओढायची. फ्राऊ ओसेईंनी आरशात बघितलं आणि कंगवा जरा हळू केला.

समोरच्या टेबलावर चकचकीत मासिकांच्या ढिगाखाली मिरियमला एक स्टेपल केलेला अंक दिसला. टाइप करून झेरॉक्स काढलेला, कव्हरवर हातानं काढलेलं मुलीचं चित्र. ऐंशीच्या दशकात फ्राऊ ओसेई आणि त्यांच्या मैत्रिणी तो काढत होत्या. पोरीचे केस न रडवता कसे विंचरायचे, इथपासून सुरुवात. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची नाताळनंतर मिरवणूक निघते, तिच्यात दरवर्षी आपल्याच मुलाला काळा राजा करतात, त्याला एकदा तरी दुसरा राजा होऊ द्या हे शिक्षिकेला कसं सांगायचं. मुलगा हुशार असूनही चौथीनंतर त्याला खालच्या शाळेत, जिथून विद्यापीठात जाता येत नाही तिथं, पाठवा म्हणाले तर कुणाला भेटायचं. मिरियम उभ्या उभ्या वाचत होती. वाचता वाचता ती फरशीवरच बसली.

मी तिथल्या तिथं सांगून टाकलं की मी ग्रंथपाल आहे आणि हे अंक आम्हाला हवे आहेत. कंगवा थांबला.

“आल्झो, म्हणजे विद्यापीठ तर,” फ्राऊ ओसेई म्हणाल्या. “एक बाई विद्यापीठातूनच आल्या होत्या. चहा प्यायल्या, अंक नेले, परत करते म्हणाल्या. पुढे त्यांचं पुस्तक आलं. त्यात माझी वाक्यं होती. माझं नाव नव्हतं. ‘एक पीडित स्त्री’ असं लिहिलं होतं. मी पीडित? मला पोरं होती, दुकान होतं, मासिक होतं. पीडित व्हायला वेळ कुठं होता?”

माझं डोकं अजून त्यांच्या हातात होतं. मग त्यांनीच विचारलं, “तुमच्या देशात तुमच्या लोकांची पुस्तकं कोण सांभाळतं?” मी ताडपत्र्यांबद्दल सांगितलं. बाबांच्या खांद्याबद्दलही सांगितलं. ऐकताना त्यांनी माझी वेणी पूर्ण घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

शेवटी म्हणाल्या, “मूळ अंक इथून हलणार नाहीत. झेरॉक्स काढा, माझ्यासमोर. आणि त्या अशा जागी ठेवा की या पोरीसारख्या कुणाला त्या मागायला लागू नयेत. कुणाला विचारायचं नाही. हात पुढे केला की मिळाल्या पाहिजेत.”

आता पंचाईत अशी की नेमकं हेच ग्रंथालयात जमत नाही. ज्याला प्रकाशक नाही, नोंदणी क्रमांक नाही, अशा कागदांची झेरॉक्स कॅटलॉगमध्ये घ्यायला आमचे संचालक तयार होईनात. फार तर, म्हणाले, बंद कोठारात ठेवू, कुणी अर्ज केला की काढून देऊ. त्यांची चूक नव्हती, नियम तसेच होते. आणि मग मला आठवली ती फळी. मी प्रोफेसर लिंडनरना फोन केला. त्या शिंकल्या, हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या सेमेस्टरअपाराटच्या कागदावर सही करून दिली. फ्राऊ ओसेईंच्या झेरॉक्स प्रती पहिल्या मजल्यावर उघड्या फळीवर लागल्या, राईनलँडच्या शेजारी. मिरियमचा विषय मंजूर झाला.

प्रोफेसर लिंडनरनी फ्राऊ ओसेईंना वर्गात बोलायला बोलावलं. वर्ग आमच्याच ग्रंथालयातल्या वरच्या खोलीत भरायचा. प्रबंधात त्यांचं नाव तर येईलच, पण आधी त्यांनी स्वतः शिकवावं, हा आग्रह मिरियमचा. त्या दिवशी त्या दुकान बंद ठेवून आल्या, घानाचा पिवळा-हिरवा सणाचा पोशाख, त्यावर हिवाळी कोट. मी त्यांना घ्यायला खाली जातच होते. जिन्यावरूनच मला आमच्या दारावरच्या माणसाचा आवाज ऐकू आला. तो त्यांना अगदी नम्रपणे सांगत होता की सफाईवाल्यांचं दार मागच्या बाजूला आहे.

फ्राऊ ओसेई वळल्या आणि चालायला लागल्या. मी पोहोचेपर्यंत त्या ट्रामच्या थांब्यावर बसल्या होत्या. मी शेजारी बसले. मला इतका राग आला होता की तोंडातून जर्मन निघेना, मराठीच येत होतं. एक ट्राम आली नि गेली. दुसरी आली. त्या ट्राममध्ये चढल्या नाहीत, आणि माझ्याबरोबर परत यायलाही उठल्या नाहीत. तेवढ्यात प्रोफेसर लिंडनर कोट न घालताच रस्ता ओलांडून आल्या, मागे मिरियम. त्यांनी लांबलचक माफी मागितली नाही. नाक पुसून एवढंच म्हणाल्या, “फ्राऊ ओसेई, वर्ग बसलाय. तुम्ही येणार नसाल तर मला सगळ्यांना इथं आणावं लागेल.”

फ्राऊ ओसेईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “या थंडीत? तुम्हाला न्यूमोनिया होईल,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दारावरचा तो माणूस लाल झाला होता. त्यानं दार धरून ठेवलं. माणूस वाईट नव्हता, माझ्याशी रोज हवापाण्याच्या गप्पा मारायचा. पण त्याच दारातून मी वर्षानुवर्षं गळ्यात ओळखपत्र घालून आत जात होते, आणि ते नसतं तर मलाही कुठलं दार दाखवलं असतं हे त्या दिवशी कळलं. दारावरच्या आणि टेबलांवरच्या माणसांसाठी शिकवणीचा तास घ्या म्हणून मी संचालकांच्या मागे लागले. तो तास सुरू व्हायला फार वर्षं गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

वर्गात फ्राऊ ओसेईंनी भाषण केलंच नाही. मुलांनाच विचारलं, “तुम्हाला शाळेत काय सांगितलं होतं, तुम्ही कोण होणार म्हणून?” एकेक जण सांगायला लागला, आणि तास संपायचं नाव घेईना.

मिरियमचा प्रबंध झाला. त्यात फ्राऊ ओसेईंचं आणि त्यांच्या मैत्रिणींचं नाव पानोपानी आहे. ती पुढे म्युनिकला नोकरीला गेली. फळी मात्र राहिली. नियमाप्रमाणे सहामाही संपली की ती रिकामी व्हायला हवी, पण प्रोफेसर लिंडनर दर सहामाहीला न चुकता नवीन कागदावर सही करून पाठवायच्या. त्या विषयावर त्यांचा वर्ग असो नसो.

त्या दशकाच्या शेवटी फ्राऊ ओसेईंचा फोन आला. गुडघे गेले, दुकान बंद करतेय, मूळ अंक आता तुम्ही घ्या. मी लगेच संचालकांना सांगितलं. तोवर त्यांचंही मत बदललं होतं, तेही खूश झाले. आम्ही कागद पिवळे न पडणारी पेटी मागवली, देणगीपत्र टाइप करून घेतलं. त्या आल्या चाकांच्या बाजारपिशवीत अंक घालून. मी पेटी दाखवली, तिचं झाकण, आतले पदर. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “आधी माझ्या प्रती कुठं आहेत ते दाखवा.”

मी त्यांना फळीपाशी नेलं. इतक्या वर्षांत त्या झेरॉक्सची पार दशा झाली होती. कोपरे दुमडलेले, एका कव्हरावर कॉफीचा गोल डाग, काही पानं चिकटपट्टीनं जोडलेली. आणि समासांत पेन्सिलीनं लिहिलेलं. ग्रंथालयाच्या प्रतीत लिहिणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, आणि मी ते बघूनही कधी खोडलं नव्हतं. मला आता ओशाळल्यासारखं झालं. त्या खुर्ची ओढून बसल्या, दोरीचा चष्मा लावला आणि वाचायला लागल्या.

छापलेलं त्या वाचत नव्हत्या. ते त्यांचंच होतं. त्या समास वाचत होत्या. ‘माझ्या शिक्षिकेनं मला अगदी हेच सांगितलं.’ ‘माझ्या आईला हे कुणी सांगायला हवं होतं.’ दुसऱ्या अक्षरात, ‘माझ्याही.’ त्याखाली तिसऱ्या अक्षरात, ‘आपण भेटू या का?’ एका पानावर, ‘हे पत्र लिहिणारी आई आता कुठं असेल?’ दुसऱ्या एका पानावर, ‘मुलगी सारखी विचारते, मी गोरी कधी होणार. काय उत्तर द्यायचं?’

कितीतरी वेळानं त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

“मूळ अंक तुम्ही ठेवा पेटीत,” त्या म्हणाल्या. “ह्या मला द्या.”

मी सांगायला गेले की या खराब झाल्यात, तुम्हाला नवीन काढून देते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. मग मी काम केलं ते असं. फाटकी, जुनी, कुणाला नको असलेली पुस्तकं काढून टाकताना आम्ही त्यांवर ‘बाद’ असा शिक्का मारतो. तो शिक्का मारल्याशिवाय काही बाहेर जाऊ शकत नाही. तो मी एकेका प्रतीवर मारला, शक्य तितका हलक्या हातानं, समासातलं एकही अक्षर झाकणार नाही असा. फळीवर दुसऱ्या दिवशी नवीन संच लावायचं ठरलं.

त्यांनी प्रती बाजारपिशवीत भरल्या, कोट चढवला आणि दोन पावलं जाऊन पुन्हा माझ्या टेबलापाशी आल्या.

“एक पेन्सिल असेल का?” त्या म्हणाल्या. “उत्तरं लिहून आणून देते.”